लिंबाचा रंग आणि रॉकेलचा स्टोव्ह

आंबा कच्चा उतरवला तरी आढीत पिकतो आणि गोड होतो. लिंबूवर्गीय फळांचे तसे नाही. संत्रे किंवा मोसंबी झाडावर जेवढे गोड झाले तेवढेच. तोडणीनंतर त्यात नवी साखर भरत नाही. बदलतो तो सालीचा रंग. या रंगामागचे कारण कॅलिफोर्नियातील लिंबांच्या वखारींत उलगडले.

तेथे लिंबांचा मोठा बहार हिवाळा-वसंतात येई, तर सरबतासाठी मागणी उन्हाळ्यात. त्यामुळे लिंबू हिरवे असतानाच तोडत. तोडणाऱ्याच्या हाती सुमारे सव्वादोन इंच व्यासाची कडी असे. कडीतून न जाणारे फळ तोडायचे, निसटणारे झाडावर ठेवायचे. थंड, हवेशीर जागेत काही महिने ठेवले की ही फळे सावकाश पिवळी होत, त्यांची साल पातळ होई आणि रस सुटे.

पण साठवणीत आणि वाहतुकीत पुष्कळ फळ सडे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील जी. हॅरोल्ड पॉवेल यांनी 1904पासून संत्र्यांवर केलेल्या कामातून याचे मूळ दाखवले: कात्रीचे टोक, नख किंवा शेजारच्या फळाचा लांब राहिलेला देठ सालीत घुसला की त्या जखमेतून बुरशी आत शिरते. त्यानंतर देठ आखूड कापणे आणि फळ अलगद हाताळणे यांवर भर आला.

बाजाराला घाई असली की हिरवी लिंबे बंद खोलीत ठेवून तेथे रॉकेलचे स्टोव्ह पेटवत. काही दिवसांत ती पिवळी होत. हे काम उष्णतेचे, असाच समज होता. पण धूर नसलेली उष्णता वापरली, तेव्हा खोली गरम झाली आणि लिंबे मात्र हिरवीच राहिली. सिव्हर्स आणि ट्रू यांनी 1912 मध्ये दाखवून दिले की, रंग आणतात ते स्टोव्हमधून निघणारे वायू. त्यांतला नेमका वायू फ्रँक डेनी यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाला: इथिलीन. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही पुरेसा ठरला. इथिलीनमुळे सालीतील हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली झाकलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो.

नागपुरी संत्र्याच्या आंबिया बहाराला हेच ज्ञान उपयोगी पडते. थंडी नीट पडण्याआधी फळ आतून तयार होते, पण साल हिरवट राहते. अशा फळाला इथिलीनने रंग आणता येतो. मात्र मात्रा किंवा मुदत वाढली तर देठाची टिकली सुकून गळते आणि तेथूनच कूज सुरू होते. शिवाय आंबट फळाला रंग चढला तरी ते आंबटच राहते. म्हणून गोडी झाडावरच चाखून पाहायची, मग तोडणी करायची; रंगाची वेळ त्यानंतर येते.