ओवणं: रबरी मासा गळावर टिकतो कसा

गळ टाकणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ मासा पकडण्यात जात नाही, आमिष गळावर टिकवण्यात जातो. गांडूळ असो, कणकेची गोळी असो नाहीतर रबराचा मासा, प्रश्न एकच. फेकताना, ओढताना आणि बारक्या माशांनी टोचे मारताना ते जागेवर राहायला हवं. मराठीत या कामाला नेमका शब्द आहे: ओवणं. मणी दोऱ्यात ओवतात, तसं गांडूळ गळावर ओवतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि संत तुकाराम नगरात राहतो. आमच्या भागात साचा, डाय किंवा लेथ हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. त्यामुळे सॉफ्ट प्लास्टिकचा मासा पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी आधी त्याची पार्टिंग लाइन शोधली. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे उठणारी ती बारीक रेघ. ती रेघ पुढे फार कामाला येते, पण आधी थोडं मागे जाऊ.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो एका वेगळ्याच कारणाने माहीत असतो: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय आहे आणि तो चक्क गळाने मासेमारी करण्याबद्दल आहे. दोर कसा हवा, गळ कसा हवा, कोणत्या माशाला कोणतं आमिष, हे सगळं त्यात येतं. पिठाचे गोळे आहेत, मांसही आहे. ओवी हा शब्द ओवण्यावरून आला असं मानतात. म्हणजे एकाच ग्रंथात दोन्ही प्रकारचं ओवणं सापडतं.

पिठाची अडचण सोपी आहे, ते पाण्यात विरघळतं. आपल्याकडे आजही कणीक मळताना त्यात थोडा कापूस मिसळतात, तो याचसाठी. कापसाचे धागे गोळीला धरून ठेवतात. काँक्रीटमध्ये सळई घालण्यामागेही साधारण हाच विचार आहे.

पुढचा टप्पा इंग्रजांचा. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. त्याचा जीव महसीर माशावर जडलेला. महसीरचे दात जबड्यात नसून घशात असतात, तरी त्याच्या तोंडाची पकड अशी की गळ चेपला जातो. म्हणून थॉमसचा भर मजबूत गळावर. आमिष म्हणून मेलेला छोटा मासाच गळांवर चढवायचा, सोबत शिसं लावायचं आणि तो पोहतोय असं वाटेल अशा बेताने पाण्यातून ओढायचा. आज आपण ज्याला स्विमबेट म्हणतो, त्याचा हा आजोबा. फक्त खरा मासा मऊ पडतो, फाटतो, आणि उन्हात वास मारतो.

थॉमसच्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, नॉर्वेतल्या मुस्ताद कंपनीत मॅथियास टॉप याने गळ बनवणारं यंत्र तयार केलं. हाताने घडवायची वस्तू यंत्रातून पडू लागली. गळाचा प्रश्न असा मार्गी लागला, आमिषाचा राहिला.

तो सोडवला एका मशिनिस्टने. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अक्रन गावी निक क्रीम आणि त्याची बायको कोस्मा यांनी १९४९ मध्ये स्वयंपाकघरात खऱ्या गांडुळावरून साचा केला आणि त्यात मऊ विनाइल ओतलं. अक्रन म्हणजे टायर कारखान्यांचं गाव, तिथल्या माणसाला रबर आणि प्लास्टिक नवं नव्हतं. १९५१ मध्ये हे गांडूळ टपालाने विकायला आलं. योगायोग असा की त्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचा ‘मत्स्यविनोदा’वरचा लेख प्रसिद्ध झाला. जुनं आमिष अभ्यासकांच्या टेबलावर आलं आणि नवं दुकानात, एकाच वर्षी.

क्रीमच्या गांडुळानंतर वळणदार शेपटीचे किडे आले, मग पॅडलसारख्या शेपटीचे मासे. साहित्य तेच राहिलं: प्लास्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारं द्रव. साधारण १७५ अंश सेल्सिअसला तापवून साच्यात ओततात. जिग हेड म्हणजे गळाच्या डोळ्याशी ओतलेलं शिशाचं डोकं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. दोन्ही वस्तू आमच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कारागिराला समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

पण जितकं मऊ, तितकं सैल. फेकताना झटका बसतो, मासा शेपटीला ओढतो आणि प्लास्टिक गळावरून खाली घसरून गोळा होतं. गोळा झालं की शेपटी हलत नाही, तिरकं झालं की मासा गिरक्या घेतो आणि दोर पिळतो. यावरचे उपाय सगळे यांत्रिक आहेत. शिशाच्या मानेवर उलटे काटे ओतले, काही डोक्यांना तारेचा अडकवा दिला, काहींना स्क्रूसारखी स्प्रिंग, जिच्यावर माशाचं नाक फिरवून बसवायचं. जलपर्णी असलेल्या पाण्यात मरळ पकडायची असेल तर गळाचं टोक प्लास्टिकच्या पाठीत लपवतात. या पद्धतीला टेक्सास रिग म्हणतात, आणि क्रीमची कंपनीही पुढे टेक्सासमधल्या टायलर गावी गेली.

प्रत्यक्ष ओवताना चार गोष्टी पाहायच्या. जिग हेड माशाशेजारी धरून गळ कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करायची. नाकाच्या बरोबर मधोमध टोक घालून सरळ रेषेत सरकवायचं. पाठीवरच्या पार्टिंग लाइनवरच बाहेर काढायचं, कारण साचा करणाऱ्याने मध्य आधीच आखून दिलेला असतो. आणि डोकं टेकण्याआधी शिशाच्या मानेवर सुपरग्लूचा एक थेंब लावून दहा सेकंद दाबून धरायचं. कोकणात खाडीच्या तोंडाशी जिताडा (गोव्यात चोणक) एका फटक्यात पूर्ण आमिष आत ओढतो. तिथे हा थेंब कामाला येतो.

आता तुम्ही म्हणाल, घसरलं तर घसरलं, दुसरं लावू. इथेच मला हा विषय छंदापेक्षा मोठा वाटतो. निसटलेला तुकडा तळाशी पडतो, तो विरघळत नाही आणि मासे तो गिळतात. अमेरिकेत ट्राउटच्या पोटात असे तुकडे सापडले आहेत. शिशाचंही तेच. हंस शिशाची वजनं गिळून मरू लागले तेव्हा इंग्लंडने १९८७ मध्ये बहुतेक छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. टंगस्टनची डोकी मिळतात, फक्त महाग असतात.

आणि आपल्या नद्यांमध्ये गमावण्यासारखं काय होतं, याची नोंद आहे. कर्नल विल्यम सायक्स याने दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये लिहिली. अनेक माशांना त्याने इथलीच बोलीतली नावं दिली. त्यातला ‘खुद्री’ हा महसीर त्याला पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळाला. आमच्या जवळून वाहणारी पवना दापोडीला मुळेलाच मिळते. आज त्या पात्रात खुद्री शोधायला कोणी जाणार नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून सोडली जातात, कारण नदीला ते एकटीला जमेना.

नदी गळवाल्यांनी बिघडवली नाही, ते कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने केलं. सांडपाण्याचा पाइप माझ्या हातात नाही. आमिष मात्र माझ्याच हातात असतं. ते असं ओवावं की परत येताना पिशवीत तेवढेच रबरी मासे असावेत, जेवढे जाताना होते.