ग्रंथालयाचे निशाचर पहारेकरी: कोईंब्रा ते अजिंठा

१/ पडका वाडा, ओस पडलेला किल्ला, पूजाअर्चा थांबलेले देऊळ यांच्या वर्णनात वटवाघळे ठरलेलीच. वास्तूची अवकळा सांगायला त्यांचा नुसता उल्लेख पुरतो. पोर्तुगालमधील एका ग्रंथालयात मात्र वटवाघळेही नांदतात आणि शतकानुशतकांचे ग्रंथही सुस्थितीत आहेत. हा थ्रेड त्या ग्रंथालयाविषयी, आणि वटवाघळांचा अगदी उलटा अनुभव घेतलेल्या अजिंठ्याविषयी.

२/ कोईंब्रा विद्यापीठाची स्थापना राजा दिनिश याने १२९० साली लिस्बन येथे केली. १५३७ मध्ये ते कोईंब्रा येथे स्थिरावले आणि पुढे तेथील राजवाड्यातच नांदू लागले. त्याच आवारात १७१७ ते १७२८ या काळात एक भव्य ग्रंथालय उभे राहिले. आश्रयदाता राजा पाचवा जुआंव; त्याच्याच नावावरून ते ‘जुआनिना ग्रंथालय’ म्हणून ओळखले जाते.

३/ मराठ्यांच्या इतिहासाशी या राजाचा संबंध आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर हाच पाचवा जुआंव होता (कारकीर्द १७०६–१७५०). इकडे उत्तर कोकण हातचे जात असता तिकडे ब्राझीलच्या सोन्याने त्याचा खजिना भरत होता. महाल, चर्च आणि ग्रंथालये यांवर ते सोने मुक्तहस्ताने खर्च झाले.

४/ जुआनिनाच्या भिंती दोन मीटरहून अधिक जाड आहेत आणि मुख्य दार सागवानी आहे. त्यामुळे आतील तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. एकापुढे एक अशी तीन दालने, चिनी धाटणीच्या सोनेरी नक्षीने मढवलेली ओकच्या लाकडाची कपाटे, आणि त्यांत सुमारे ६०,००० ग्रंथ. बहुतेक सोळाव्या ते अठराव्या शतकांतील.

५/ जुन्या ग्रंथाचा मोठा वैरी म्हणजे कीड. कागद, चामड्याची बांधणी, पुठ्ठ्याला लावलेली खळ हे सारेच किड्यांचे खाद्य. उडणारा भुंगेरा किंवा पतंग अंडी घालतो. त्यांतून निघालेली अळी पाने पोखरत जाते. पानांत भोक दिसते तेव्हा हानी होऊन चुकलेली असते.

६/ येथे वटवाघळे कामी येतात. ही जात लहान. एकेकाचे वजन अवघे काही ग्रॅम. दिवसा ती कपाटांमागील फटींत दडून बसतात आणि अंधार पडला की दालनांतून घिरट्या घालत उडते किडे टिपतात. अंडी घालण्यापूर्वीच किडा गिळला गेला, तर अळीचा प्रश्नच उरत नाही. ग्रंथांना ती तोंड लावत नाहीत, कारण त्यांचे अन्न फक्त कीटक.

७/ मिट्ट अंधारात ती कपाटांवर आदळत कशी नाहीत? याचा शोधही एका जुन्या वास्तूतच सुरू झाला. १७९० च्या दशकात इटालियन शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी याने पाव्हिआच्या कॅथेड्रलच्या घंटाघरातील वटवाघळे पकडली, त्यांतील काहींची दृष्टी नष्ट केली आणि ती सोडून दिली. काही दिवसांनी पुन्हा पकडली, तेव्हा त्यांची पोटे किड्यांनी भरलेली होती.

८/ प्रयोग क्रूर होता. पण वटवाघळाची शिकार डोळ्यांवर अवलंबून नाही, हे त्याने सिद्ध केले. कोड्याचे उत्तर मिळायला १९३८ साल उजाडले. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन याने विशेष यंत्राच्या साहाय्याने माणसाला ऐकू न येणारे त्यांचे आवाज टिपले. त्या आवाजांचे प्रतिध्वनी हीच त्यांची अंधारातील वाट.

९/ या पहाऱ्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. वटवाघळांची विष्ठा खाली पडते. म्हणून जुआनिनात रोज संध्याकाळी जुन्या लाकडी मेजांवर चामड्याची आच्छादने घातली जातात आणि सकाळी सारे झाडूनपुसून काढले जाते. पोर्तुगालमधीलच माफ्रा येथील राजवाड्याच्या ग्रंथालयातही अशीच वटवाघळे आहेत.

१०/ आता अजिंठा. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या खोऱ्यात आला आणि लेणी बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. त्यापूर्वी कित्येक शतके या लेण्यांत नित्याची झाडलोट नव्हती. अंधारी, थंड, निवांत दालने वटवाघळांना आयतीच मिळाली होती.

११/ अजिंठ्याची चित्रे माती, भुसा व वनस्पतींचे धागे यांच्या गिलाव्यावर आहेत. त्यावर चुन्याचा पातळ थर आणि डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेले रंग. वटवाघळांचे मूत्र कुजले की अमोनिया तयार होतो, मागे क्षार राहतात, ओल धरली जाते. अशा नाजूक पृष्ठावर त्याचा परिणाम म्हणजे डाग, फिकटलेले रंग आणि सुटणारे पोपडे.

१२/ या चित्रांना दुसरी प्रत म्हणावी तर तिचेही दुर्दैव. मेजर रॉबर्ट गिल याने १८४० च्या दशकापासून घेतलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. भिंतीवर उरले तेच खरे धन.

१३/ म्हणूनच निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी करवली. पाखरे व वटवाघळे आत येऊ नयेत यासाठी चित्रित लेण्यांना जाळीची दारे बसली. येथे सहवास शक्यच नव्हता. ग्रंथाला पुठ्ठ्याचे कवच असते, मेजावर चामडे पसरता येते. चित्राच्या भिंतीवर रोज पांघरूण घालता येत नाही.

१४/ तरीही दोन वास्तूंमधील मोठा फरक माणसांचाच. कोईंब्रा येथे रोज सकाळी कुणीतरी झाडू घेऊन आत येत राहिले. अजिंठ्यात शतकानुशतके कुणी आले नाही. वटवाघळे दोन्हीकडे सारखीच वागली.

१५/ आज युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशानुसार वटवाघळांच्या सर्व जातींना संरक्षण आहे. आपल्याकडील वाड्यांत, गडांत ती आढळली तर भोके एकदम लिंपून टाकणे हा उपाय नव्हे. विणीच्या काळात पिल्ले आतच मरतात. पिल्ले उडू लागल्यावर, सारी बाहेर गेल्याची खात्री करून मगच वाट बंद करावी. आणि त्यानंतर झाडू रोज फिरला पाहिजे.

(समाप्त)