बिघडलेल्या चवीचा शोध : कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आणि शुद्ध यीस्ट

प्रस्तावना :
बिअर बिघडली की ती आंबट, कडवट किंवा गढूळ होते. हा दोष नेमका कोठून येतो, हा प्रश्न बिअर घरोघरी तयार होत असल्यापासून युरोपात विचारला जात होता. पाणी, सातू, पिंपे, हवामान यांपैकी कोणावरही दोष ढकलला जाई. पुरावा मात्र कोणाजवळ नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोपनहेगन येथे या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळाले. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा मागोवा घेऊन त्यामागील पद्धतीचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
जे. सी. जेकबसेन यांनी १८४७ मध्ये कोपनहेगनजवळ कार्ल्सबर्ग हा बिअरचा कारखाना सुरू केला. त्यांनी १८४५ मध्ये म्युनिकहून यीस्ट आणले होते. दह्याला जसे विरजण, तसे बिअरला यीस्ट. एका घाण्यातील यीस्ट काढून पुढील घाण्यास लावले जाई. त्यामुळे यीस्टमध्ये एकदा शिरलेला दोष पुढील प्रत्येक घाण्यात उतरण्याची शक्यता असे. १८७५ मध्ये जेकबसेन यांनी कारखान्यास जोडून प्रयोगशाळा स्थापन केली. पुढील वर्षी लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिअरचे 'रोग' बाहेरून शिरलेल्या सूक्ष्मजीवांमुळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु त्यांचा मुख्य रोख जिवाणूंवर होता. जिवाणूंपासून मुक्त केलेले यीस्ट निर्दोष असते, असा समज त्यातून रूढ झाला.

हान्सेन यांचे संशोधन :
१८८३ मध्ये खुद्द कार्ल्सबर्गची बिअर बिघडली. प्रयोगशाळेतील शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी संशय घेतला तो ज्यावर सर्वांची भिस्त होती त्या यीस्टवरच. कारखान्याचे यीस्ट एकजिनसी नसून त्यात अनेक जाती मिसळल्या असाव्यात, असे त्यांचे अनुमान होते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली या जाती जवळजवळ सारख्याच दिसत. म्हणून त्यांनी यीस्ट निर्जंतुक पाण्यात इतके विरल केले की एका थेंबात जेमतेम एकच पेशी यावी. अशा एकेका पेशीपासून स्वतंत्र वाण वाढवून प्रत्येकाची बिअर तयार करून पाहिली. वेगळ्या केलेल्या चार प्रकारांपैकी एकाच प्रकारापासून उत्तम बिअर मिळाली. कडवट चवीचे मूळ रानटी यीस्टमध्ये सापडले. रानटी यीस्ट उन्हाळ्यात पिकलेल्या फळांवर वाढते, हिवाळा मातीत काढते आणि धुळीबरोबर हवेत पसरते, हे हान्सेन यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. गरम काढा उघड्या पसरट भांड्यांत निववण्याची तेव्हाची रीत या शत्रूस आयतेच दार उघडून देत होती.

नोव्हेंबर १८८३ मध्ये कारखान्यात शुद्ध यीस्टचा वापर सुरू झाला. प्रारंभी साशंक असलेल्या जेकबसेन यांनी निष्कर्ष पटल्यावर हे यीस्ट व ही पद्धत इतर कारखान्यांनाही विनामूल्य उपलब्ध करून दिली. व्यापारी स्पर्धेच्या त्या काळात हा निर्णय असामान्य म्हणावा लागेल.

दोषाची व्याख्या :
या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गमधीलच एन. येल्टे क्लाउसेन यांनी इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरची वैशिष्ट्यपूर्ण चव एका वेगळ्या यीस्टमुळे येते, असे दाखविले व त्यास 'ब्रेटानोमायसिस' हे नाव दिले. डेन्मार्कच्या बिअरमध्ये जो दोष ठरला असता, तोच इंग्लंडमध्ये गुण होता. नामकरणातही असाच विरोधाभास आढळतो. हान्सेन यांनी ज्या रानटी यीस्टला दोषी ठरविले, त्यास 'सॅक्रोमायसिस पास्टोरियानस' म्हटले जाई. त्यांच्या शुद्ध यीस्टला १९०८ मध्ये 'कार्ल्सबर्गेन्सिस' हे नाव मिळाले. परंतु आधुनिक वर्गीकरणात तेही 'पास्टोरियानस' याच नावाखाली येते.

निष्कर्ष :
हान्सेन यांचे योगदान केवळ एका यीस्टच्या शोधापुरते मर्यादित नाही. संशयित घटक एकेक करून वेगळा काढणे, इतर परिस्थिती तीच ठेवून त्याची परीक्षा घेणे आणि नित्याच्या विश्वासातील वस्तूलाही या परीक्षेतून न वगळणे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. घरी बिअर तयार करणाऱ्यासही बिघडलेल्या चवीचे मूळ शोधताना याच मार्गाने जावे लागते. मात्र कोणती चव दोष मानावी, हे प्रयोगशाळा ठरवू शकत नाही. ते त्या त्या समाजाची रुची ठरवते. दोषाचे कारण विज्ञानाकडून कळते. त्याची व्याख्या इतिहासातच शोधावी लागते.