सुरू होऊन बंद पडणारी गाडी: येरवड्यातील एका निदानाचा इतिहास

पेट्रोलचे इंजिन सेल्फ मारल्यावर पेटते, काही क्षण चालते आणि बंद पडते, तेव्हा निम्मी चौकशी आपोआप झालेली असते. बॅटरीत दम आहे, सेल्फ फिरतो आहे, ठिणगी एकदा तरी पडली आहे आणि सिलिंडरात पेट्रोलही एकदा तरी पोहोचले आहे. मुळीच सुरू न होणाऱ्या गाडीपेक्षा ही तक्रार म्हणूनच सोपी वाटते. गॅरेजात मात्र तीच जास्त वेळ खाते, कारण दोष चालू इंजिनातला असतो आणि इंजिन तर चालू राहत नाही. सुरू होताना जे मिळाले ते पुढच्या क्षणी का मिळेनासे झाले, हा मेकॅनिकचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. उत्तर कुठे शोधायचे ते बदलत गेले, आणि पुणे शहरात असल्यामुळे येरवड्यात हा बदल नगर रस्त्यावरच्या पुढच्या गावांच्या काही वर्षे आधी आला.

येरवडा मुळा-मुठेपलीकडचे, शहराच्या उंबरठ्यावरचे गाव. 1869 मध्ये पुरा झालेला फिट्झगेराल्ड पूल म्हणजेच बंडगार्डनचा जुना पूल, 1871 चे मध्यवर्ती कारागृह आणि अहमदनगरकडे जाणारा रस्ता यांमुळे इथली वाहतूक मोटारी येण्याआधीपासूनच वाहती होती. मे 1930 मध्ये महात्मा गांधींना कराडी येथे अटक झाली, तेव्हा त्यांना बोरीवलीपर्यंत रेल्वेने आणि तिथून मोटारीने येरवड्याच्या तुरुंगात आणण्यात आले. सरकारने इतकी नाजूक कामगिरी मोटारीवर सोपवावी, एवढा त्या वाहनावरचा भरवसा तोवर बसला होता.

त्या काळी गाड्या थोड्या, आणि त्या चालवणारा शोफरच त्यांचा वैद्यही असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास रूढ केलेली बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची रचना आणि पेट्रोलात हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, एवढेच त्याला समजून घ्यायचे होते. दुसऱ्या महायुद्धात 1943 मध्ये लष्कराची विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांची वेगळी शाखा उभी राहिली. येरवड्याजवळच्या खडकीतही लष्कराची मोठी कार्यशाळा आहे. 1950 पासून देशभर कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय निघू लागल्या. तरीही गॅरेजात बहुतेकांचे शिक्षण उस्तादाच्या हाताखालीच झाले. पाने देता देता पोरगा ऐकायला शिकत असे.

या ऐकण्याला खरा बहर आला तो फियाटच्या काळात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना 1947 मध्ये सुरू झाला. फियाट 1100 तिथे 1954 पासून तयार होऊ लागली आणि तिचीच पुढची आवृत्ती 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली. पद्मिनीचे 1089 सीसीचे इंजिन उघडेवाघडे होते. बॉनेट उचलले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोलपंप असे तिन्ही संशयित समोर दिसत.

पहिला निकष वेळेचा होता. चोक ओढून गाडी सुरू झाली आणि चोक आत ढकलताच मेली, तर इंजिनाला स्लोवर पेट्रोल कमी पडते आहे किंवा ते कुठून तरी फुकटची हवा ओढते आहे. अशा वेळी मेकॅनिक एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरचे तोंड तळहाताने थोडेसे झाकत असे. मरू घातलेले इंजिन त्याने सावरले, तर मिश्रण पातळ असल्याची खात्री पटे. मग कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या गॅस्केटच्या कडेने थोडे ऑइल सोडायचे. आवाज बदलला की हवा घेण्याची जागा सापडली. बदलला नाही, तर स्लो जेटमध्ये कचरा आला असे धरून जेट उघडायचे. चांगला मेकॅनिक त्यात तार कधी घालत नसे, हवाच मारत असे. तारेने भोक मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागे.

गाडी मिनिटभर नीट चालून मग हळूहळू, आचके देत बंद पडली तर संशय पंपाकडे वळे. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलावर इंजिन तेवढा वेळ काढते, पण पुढचे पेट्रोल आलेले नसते. पंपाकडून येणारी नळी सोडवून बाटलीत धरायची आणि सेल्फ मारायचा. पिचकारी जोरात आली तर पंप ठीक, नुसते थेंब आले तर डायफ्रॅम फाटलेला किंवा टाकीकडची जाळी तुंबलेली. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले तरी हेच होते. झाकण सैल करताच गाडी चालू लागली की मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होत असे, आणि बिल किती लावायचे हा मेकॅनिकपुढचा पेचही खराच.

आचके न देता, दिवा मालवावा तशी गाडी एकदम बंद पडत असेल तर दोष करंटचा. पॉइंट जळालेले, त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या मापातून सुटलेली, किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देणारा. काही गाड्यांच्या कॉइलला जोडीला रेझिस्टन्स असे. सेल्फ फिरत असताना कॉइलला बॅटरीचा पुरा करंट थेट मिळे, किल्ली सोडली की तो रेझिस्टन्समधून येई. रेझिस्टन्स जळाला की इंजिन किल्ली फिरवलेली असेपर्यंत पेटायचे आणि किल्ली सोडताच मरायचे. हे लक्षण ओळखता न आल्यामुळे कित्येक चांगले कार्ब्युरेटर विनाकारण उघडले गेले असतील. पावसाळ्यात याच्या जोडीला डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातली ओल येई, आणि तिच्यावर कोरडे फडके पुरे होई. उन्हाळ्यात घाट चढून आलेल्या गाडीच्या पंपातच पेट्रोलची वाफ होई. तिच्यावर ओले फडके हा इलाज ड्रायव्हर लोकांना पाठ होता. सुटे भाग नाना पेठेत मिळत, आणि तिथे न मिळालेले बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात धुंडाळायचे.

1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 ने या ज्ञानाला धक्का दिला नाही, कारण तिलाही कार्ब्युरेटरच होता. धक्का दिला तो धुराच्या कायद्याने. वाहनांच्या इंधनाचे धोरण ठरवण्यासाठी 2001 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर होते, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक. पुढे आलेल्या वेळापत्रकात मोठ्या शहरांना कडक मानके आधी आणि बाकी देशाला नंतर, अशी विभागणी झाली. पुणे आधीच्या यादीत होते. भारत स्टेज दोन पुण्यात 2003 मध्ये आले, देशभर 2005 मध्ये. भारत स्टेज चार पुण्यात 2010 मध्ये आले आणि देशभर लागू व्हायला 2017 उजाडले. इंजिनाचे दोष स्वतः नोंदवून ठेवणारी ओबीडी यंत्रणा भारत स्टेज चारबरोबरच सक्तीची झाली. त्यामुळे येरवड्याच्या गॅरेजात येणाऱ्या नव्या गाडीत स्टिअरिंगखाली स्कॅनरचे सोळा पिनांचे सॉकेट असे, त्याच सुमारास नगर रस्त्यावरच्या शिरूरला नोंदल्या गेलेल्या नव्या गाडीत ते असेलच याची खात्री नव्हती.

फ्युएल इंजेक्शनने चोक, जेट आणि पॉइंट हद्दपार केले. लक्षणे मात्र ओळखीचीच राहिली. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की चालते आणि काढला की मरते, ही जुन्या स्लो जेटची तक्रार आता थ्रॉटल बॉडीवर साचलेल्या कार्बनची किंवा आयडलची हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हची झाली. पंप बॉनेटखालून पेट्रोलच्या टाकीत गेला. किल्ली फिरवताच मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद येणारी त्याची घरघर ऐकणे, ही जुन्या बाटलीच्या जागी आलेली पहिली परीक्षा. गरम झाल्यावर बिघडणाऱ्या कंडेन्सरची जागा क्रँक सेन्सरने घेतली. एकच दुखणे खरोखर नवे होते. इमोबिलायझरला किल्लीतली चिप ओळखता आली नाही, तर काही गाड्या पेटतात आणि एक-दोन सेकंदांत संगणक पेट्रोल तोडतो. तिथे इंजिनात काहीच बिघडलेले नसते. मीटरमध्ये लुकलुकणारी किल्लीची खूण पाहिली नाही, तर दिवस वाया जातो.

स्कॅनरमुळे निदान सोपे झाले असा समज आहे. तो अर्धाच खरा. पी 0335 हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. सेन्सर गेला, त्याची वायर तुटली की प्लगला गंज चढला, हे सांगत नाही. पी 0171 म्हणजे मिश्रण पातळ. हवा कुठून शिरते ते शोधायला पुन्हा डोळे आणि कानच लागतात. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर हाती आल्यापासून कोड वाचायचा आणि तो पार्ट बदलायचा, अशी एक घाईची पद्धत रुळली. उस्तादाच्या काळात चुकीच्या निदानाला जेट साफ करण्याची मजुरी पडे, आता सेन्सरची किंमत पडते.

दरम्यान डिझेल गाड्यांनी वेगळाच धडा दिला. टाटांची इंडिका 1998 च्या अखेरीस आली. येरवडा, कल्याणीनगर आणि विमाननगर भागांत आयटी कार्यालये वाढली तशा कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या इंडिका आणि सुमो या भागात रात्रंदिवस धावू लागल्या. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून तिथे प्रश्न एकाच दिशेने जातो. सुरू होऊन लगेच बंद पडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाने बहुधा एअर घेतलेली असते. फिल्टरजवळचा हातपंप दाबत नळीचा नट सैल करायचा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत एअर काढायची. एअर काढूनही गाडी पुन्हा बंद पडली, तर नळीतली बारीक चीर शोधणे आले.

पुण्यात गॅस पुरवणारी महाराष्ट्र नॅचरल गॅस 2006 मध्ये स्थापन झाली, आणि सीएनजीच्या गाड्यांनी मेकॅनिकला एक आयती चाचणी दिली. अशा बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या वेळाने गॅसवर जातात. बंद पडण्याची वेळ या बदलाशी जुळली, तर गाडी पेट्रोलवरच धरून पाहायची. पेट्रोलवर टिकली तर दोष गॅसच्या बाजूचा, नाही टिकली तर पेट्रोल आणि गॅस या दोहोंना सामाईक असलेल्या प्लग, कॉइल आणि हवेच्या भागांकडे वळायचे.

पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग 2001 मध्ये जिथे झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. मिसळीचे प्रमाण 2022 मध्ये दहा टक्क्यांवर आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवते, पाणी ओढून घेते आणि त्याच्यासाठी न बनलेले रबर खराब करते. त्यामुळे हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि जुन्या मारुती पुन्हा तीच तक्रार घेऊन येतात: तुंबलेला जेट, बिघडलेला डायफ्रॅम, वाटीत उतरलेले पाणी. या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नाही. तिथे नळी सोडवून बाटलीत धरणारा मेकॅनिकच लागतो. नवा डायफ्रॅम घेताना तो इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा आहे की नाही, एवढे मात्र त्याला आता दुकानात विचारावे लागते.