‘व्हॅलेडिक्शन’ची कुळकथा

निरोपाचे शब्द या अर्थाचा ‘व्हॅलेडिक्शन’ इंग्रजीत 17व्या शतकाच्या आरंभी आला आणि जॉन डन या कवीने तो आपल्या चार कवितांच्या शीर्षकांत योजला, एवढा भाग निर्विवाद आहे. वाद आहे तो त्याच्या पूर्वपदाविषयी.

‘बेनेडिक्शन’ म्हणजे आशीर्वचन आणि ‘मॅलेडिक्शन’ म्हणजे शापवाणी हे त्याचे उघड भाऊबंद. त्यांतील ‘बेने’ व ‘माले’ ही लॅटिन क्रियाविशेषणे बोलणे चांगले की वाईट ते सांगतात, आणि म्हणून ‘वले’ हेही क्रियाविशेषणच समजून ‘क्षेम चिंतून बोलणे’ असा विग्रह करण्याचा मोह होतो. पण तो व्याकरणात टिकत नाही. सशक्त, निरोगी असणे या अर्थाच्या ‘वलेरे’ धातूच्या कुळातले क्रियाविशेषण ‘वलिदे’ असे आहे, तर ‘वले’ हे आज्ञार्थाचे एकवचन, म्हणजे ‘धडधाकट राहा’. रोमन माणूस पत्राच्या शेवटी हेच लिहीत असे. तेव्हा हे पूर्वपद कसे बोलावे ते सांगत नाही, काय बोलावे ते सांगते. तोंडून निघालेला उद्गारच समासात जसाच्या तसा बसला आहे. ओव्हिड या रोमन कवीने ऑर्फियसच्या कथेत या आज्ञार्थाला ‘अखेरचे’ हे विशेषण लावून तो सरळ नामासारखा वापरला, हा त्याचा भक्कम पुरावा.

उद्गारापासून घडलेल्या अशा क्रियापदांचा वर्ग एमिल बेनव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने 1958 मध्ये वेगळा काढला. मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये, कारण ‘नमः’ म्हणण्याला नमस्कार आणि ‘धिक्’ म्हणण्याला धिक्कार म्हणणारी घडण त्याच्या ओळखीचीच आहे.

‘वले’मधला मूळ अर्थ रोमन लोकांच्या कानांनाही पुसट झाला होता, असे मानण्यास आधार आहे. ते मृतांनाही ‘वले’ म्हणत, आणि प्रेताला धडधाकट राहा म्हणणे विचित्रच. त्यावर वारो या रोमन विद्वानाचे स्पष्टीकरण सर्व्हियस या टीकाकाराने नोंदवले आहे: मृत निरोगी राहू शकतात म्हणून नव्हे, तर आपण त्यांच्यापासून कायमचे दूर जातो म्हणून तसे म्हणायचे. आरोग्याची आज्ञा येथे निव्वळ निरोपाची खूण उरली आहे.

मग ‘बेनेडिक्शन’शी साम्य आले कुठून? बहुधा इंग्रज पंडितांच्या लेखणीतून. तो शब्द इंग्रजीत शतकाहून अधिक काळ आधीच रुळलेला असल्याने ‘वले म्हणणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून नाम घडवताना त्याचाच साचा हाताशी आला असावा, आणि विग्रहाचा घोटाळाही त्याच साच्याने केला.