गढूळ नळीची कुळकथा

नरडाण्याहून रेल्वेने पश्चिमेला गेलं की शिंदखेडा, दोंडाईचा मागे टाकत नंदुरबार येतं. मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला गेलं की तापी ओलांडून शिरपूर. दोन्ही वाटा सातपुड्याकडच्या भिल्ल-पावरा वस्तीपर्यंत पोचतात. तिथल्या माणसाचं रक्त तपासताना नुसत्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, भागत नाही; सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषासाठी ‘सोल्युबिलिटी’ चाचणीही करावी लागते. द्रावण भरलेल्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात लपल्या तर पॉझिटिव्ह.

सीबीसीला सिकल सेल पकडणं का जमत नाही, ते तिच्या घराण्यात पाहिलं की कळतं.

तांबड्या पेशी मोजण्याची रीत १८५२ मध्ये जर्मनीच्या कार्ल फिरोर्ट यांनी बसवली. रंगावरून हिमोग्लोबिन ठरवणारं उपकरण १८७८ मध्ये लंडनच्या विल्यम गॉवर्सनी केलं. १९०२ च्या सुमारास बर्नच्या हेर्मान साली यांनी त्यात आम्ल आणलं: आम्लाने तपकिरी झालेल्या रक्तात पाणी घालत घालत त्याचा रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा. आपल्याकडच्या दवाखान्यांत कित्येक वर्षं ‘एचबी’ म्हणजे हीच नळी. पेशीचं सरासरी आकारमान, म्हणजे रिपोर्टातलं ‘एमसीव्ही’, मॅक्सवेल विंट्रोब यांनी १९३० च्या आसपास रूढ केलं. ते ८० फेम्टोलिटरच्या खाली गेलं की लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया, १०० च्या वर गेलं की बी-१२ किंवा फोलेटचा अभाव, असा संशय घेतला जातो. १९५३ मध्ये वॉलेस कूल्टर यांना पेटंट मिळालं आणि मोजणी यंत्राकडे गेली. बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेचा रोध बदलतो. बदल जेवढा मोठा, तेवढी पेशी मोठी.

म्हणजे संख्या, रंग, आकारमान. आतलं हिमोग्लोबिन कोणत्या जातीचं आहे, हा प्रश्न यंत्राला कुणी घातलेलाच नाही. म्हणूनच सिकल सेलच्या वाहकाचा, म्हणजे दोष असूनही आजारी नसलेल्याचा, सीबीसी बहुधा अगदी नॉर्मल येतो.

हा प्रश्न उभा राहिला शिकागोत. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल १९०४ च्या अखेरीस तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं की प्राणवायू काढून घेतला की या पेशी वाकतात आणि परत दिला की बहुतेक सरळ होतात. मग प्राणवायू शोषणारं रसायन काचपट्टीवरच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी आली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात या पेशींतलं हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकतं, हे सिद्ध केलं. प्राणवायू गेल्यावर ते दाट फॉस्फेट द्रावणात फारसं विरघळत नाही, हा इटानोंचा १९५३ मधला शोध. गढूळ नळीचं मूळ तेच: द्रावणातलं सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट प्राणवायू काढतं, न विरघळलेलं हिमोग्लोबिन रेघा झाकतं.

भारतात सिकल सेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. लेहमान आणि कटबुश यांची. महाराष्ट्राचा आढावा काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये मांडला. भिल्ल, पावरा, माडिया आणि परधान यांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळलं.

नळी स्वस्त आणि झटपट, पण तिलाही मर्यादा आहेत. वाहक कोण आणि आजारी कोण, हे ती सांगत नाही. दोघांचीही नळी गढूळच होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच उरलेलं असतं, त्यामुळे तिथे ती चुकू शकते; फार उतरलेल्या एचबीतही तोच धोका. म्हणून पॉझिटिव्ह नमुना पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीसाठी जातो.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं. तिचा भर लग्नाआधी आणि गरोदरपणात रिपोर्ट हाती असण्यावर आहे, कारण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते.