शेर, मापटे आणि कॅमेरा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? आमच्या भोर-वेल्हे भागातल्या माणसाला विचाराल तर तो राजगडाकडे बोट दाखवील, तोरण्याकडे दाखवील, रोहिड्याचे आणि रायरेश्वराचे नाव घेईल. भोर गावातला असेल तर पंतसचिवांचा राजवाडा दाखवायला तुम्हांला हाताला धरून घेऊन जाईल. यात वावगे काही नाही. पण त्याच माणसाच्या माजघरात, कोनाड्यात, एखादे जुने लाकडी मापटे धूळ खात पडलेले असते. त्याकडे तो बोट दाखवणार नाही. तुम्ही दाखवलेत तर म्हणेल, ‘‘यात कसला आलाय इतिहास?’’

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी तुम्हांला कॅमेऱ्याची गोष्ट सांगणार आहे. घरातल्या साध्या वस्तूकडे नीट पाहायला आपल्याला ज्या गोष्टींनी शिकवले, त्यांत कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. आणि हा उद्योग एकट्यादुकट्याने फारसा झालेला नाही. चार समानधर्मी जमले, त्यांनी काही नेम धरला, आणि मग तो पुढे सरकला, असेच पुष्कळदा झाले आहे.

छायाचित्रणाची कला जगाला कळली ती १८३९ साली. फ्रान्समध्ये दागेर आणि इंग्लंडमध्ये टॅल्बट या दोघांनी आपापल्या रीती त्या वर्षी जाहीर केल्या. यांतल्या टॅल्बटने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ नावाचे पुस्तक सहा भागांत काढले. त्यात चोवीस छायाचित्रे होती. आता ही कशाची असतील? काही मोठ्या वास्तूंची आहेत, हे खरे. पण फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या कपबश्या, काचेची भांडी, गवताची गंज, तिला टेकवलेली शिडी आणि अर्धवट उघड्या दाराशी उभा केलेला खराटा, असलेही विषय त्यात आहेत.

याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळचा कागद फार सुस्त. चित्र उमटायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ माणूस हलल्याशिवाय राहत नाही. कपबशी बिचारी हलत नाही! पण टॅल्बटच्या मनात दुसराही एक विचार होता. त्याने असे सुचवले की, उद्या ही भांडी चोरीला गेली आणि मालकाने हे चित्र कोर्टात हजर केले, तर ती एक नव्याच तऱ्हेची साक्ष होईल. हा ‘साक्ष’ शब्द तुम्ही ध्यानात ठेवा. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे सगळे काम त्या एका शब्दाभोवती चालते.

ही कला आपल्याकडे यायला उशीर लागला नाही. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था त्यानंतरच्या. मुंबईच्या या मंडळींत लष्करी अधिकारी होते, सरकारी नोकर होते, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला.

त्या वेळी फोटो काढणे म्हणजे काय खटाटोप होता, याची आज कल्पना येणार नाही. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. कॅमेरा, तिकाटणे, बाटल्या, तंबू असा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. अशा वेळी एकमेकांच्या युक्त्या कळल्या नाहीत तर कामच अडे. म्हणून ही मंडळी ठरल्या दिवशी जमत, आपापली चित्रे मांडत, चुका काढत. लंडनमध्ये तर १८५५ साली हौशी मंडळींचा एक असा क्लब निघाला की, त्यात प्रत्येकाने आपल्या चित्राच्या प्रती काढून इतर सभासदांना वाटायच्या. मित्रांना दाखवायचे आहे म्हटले की हात आपोआप नीट चालतो, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईच्या सोसायटीच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालवले. प्रत्येक अंकात मूळ छायाचित्रे चिकटवलेली असत आणि सोबत माहितीचा मजकूर असे. पश्चिम हिंदुस्थानातले लोक, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे हा त्यांतला एक मोठा विषय. महिना उलटला की नवी चित्रे हवीतच! असा नेम नसता तर त्यांतली कितीतरी चित्रे निघालीच नसती.

मात्र त्या चित्रांचा साक्षीपुरावा घ्यायला बसलो की अडचण येते. चित्राखाली जातीचे नाव असते, धंद्याचे असते. माणसाचे बहुधा नसते. पुढे १८६३ पासून जॉन्सनने मुंबईच्या रहिवाशांवर जे पुस्तक काढले, त्यात तर स्टुडिओत काढलेल्या आकृती कापून दुसऱ्याच ठिकाणच्या देखाव्यावर चिकटवलेल्या आहेत. आता सांगा, त्या बाईच्या हातातले भांडे तिचेच का? ते त्या मुलुखातले का? की स्टुडिओत कुणी तिच्या हातात ठेवले? साक्षीदार समोर उभा आहे, पण त्याचे नाव नाही, गाव नाही, आणि तो जिथे उभा दिसतो तिथे तो कधी उभाच नव्हता. अशी साक्ष कोर्टात टिकत नाही; इतिहासातही टिकत नाही.

पुढे १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला आणि हौशी माणसाची बाटल्या-तंबूच्या जंजाळातून सुटका झाली. १९३० साली अमेरिकेत एडवर्ड वेस्टनने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला, आणि तो जगप्रसिद्ध झाला. नजर असेल तर विषय शोधायला घराबाहेर जावे लागत नाही, हे त्याने दाखवले.

आपल्याकडे हीच नजर पुण्याच्या दिनकर केळकरांपाशी होती. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, झोळी होती, एवढाच फरक. गावोगाव हिंडून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, स्वयंपाकाची भांडी जमवली, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते, त्यांना त्यांनी घर दिले. पण तुम्हां-आम्हांला संग्रहालय बांधता येणार नाही. आपल्याला परवडेल ते एकच: वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्यायची आणि तिचा फोटो घ्यायचा.

म्हणून आम्ही भोर-वेल्ह्याकडच्या पाच मित्रांनी गेल्या पावसाळ्यापासून एक खेळ मांडला आहे. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. तरी आमच्या बोलण्यात अजून वेल्हेच येते, तेवढे चालवून घ्या. खेळ असा: रविवारी चिठ्ठी टाकून एक विषय काढायचा. आठवडाभरात प्रत्येकाने आपल्या नाहीतर शेजारच्या घरातल्या, रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूचा त्या विषयाला धरून फोटो काढायचा. काही विकत आणायचे नाही. फोटो एकच दाखवायचा. पुढच्या रविवारी सगळ्यांनी तो पाहायचा आणि वाटेल ते प्रश्न विचारायचे. कॅमेरा म्हणाल तर खिशातला फोन.

एकदा विषय निघाला ‘पाऊस’. वेल्ह्याकडचा एक जण इरल्याचा फोटो घेऊन आला. बांबूच्या कामट्यांचे, भातलावणीला पाठीवर घ्यायचे जुने इरलं. पण त्यावर खताच्या गोणीचा प्लॅस्टिकचा कागद शिवलेला! एक मित्र म्हणाला, ‘‘अरे, तो कागद तरी काढायचास. अस्सल इरलं दिसलं असतं.’’ त्यावर बराच वाद झाला. शेवटी ठरले की कागद आहे तसाच राहू द्यायचा. पानांचा थर जाऊन प्लॅस्टिक आले, शेतात शेणखताबरोबर गोणीतले खत आले, आणि त्या गोणीचाही घरधन्याने उपयोग करून घेतला, हे सगळे त्या एका शिवणीत आहे. कागद काढला असता तर आम्हीही जॉन्सनच्याच वाटेने गेलो असतो.

दुसऱ्या एका आठवड्याला ‘माप’ हा विषय होता. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हा हिशेब आमच्या आज्यांना पाठ असे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, पुढे काही वर्षांत ती सक्तीची झाली, आणि हा सगळा गोतावळा कोनाड्यात गेला. त्या रविवारी तीन फोटो आले. पण समोरचे माप शेराचे की मापट्याचे, हेच कळेना. कारण शेजारी मोजायला काही नव्हते. तेव्हापासून वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवायचा नियम झाला. पायली मुलुखागणिक बदलत असे. तेव्हा भोर संस्थानातल्या एका घरी शेरात नेमके किती तांदूळ मावत, हे आज मोजून ठेवले तर उद्याच्या अभ्यासकाला खंडाचा आणि उत्पन्नाचा हिशेब लावायला ते कामी येईल. कोनाड्यातल्या मापट्यात इतिहास असतो तो असा.

आणि एका रविवारी विषय होता ‘जोडी’. कुणी पाटा-वरवंटा आणला, कुणी वहाणा आणल्या, कुणी उखळ-मुसळ. एका मित्राने जात्याच्या एकाच तळीचा फोटो आणला. वरची तळी; खुंट्याचे भोक स्पष्ट दिसत होते. आम्ही म्हटले, ‘‘बाबा रे, जोडी कुठे आहे?’’ तो म्हणाला, ‘‘खालची पाण्याखाली आहे.’’ पानशेत धरणाच्या वेळी त्याच्या आजोबांचे गाव उठले. खालची तळी जमिनीत बसवलेली, ती निघेना; आजीने वरची तेवढी गाडीत घातली. नव्या जागी ती कधी फिरली नाही. अंगणात पडून आहे.

त्यानंतर त्या रविवारी कुणी फारसे बोलले नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे शहरात पाणी शिरले, हे प्रत्येक पुणेकराला माहीत आहे. त्याची छायाचित्रे आहेत, वर्णने आहेत. पण त्याआधी धरणासाठी जी घरे उठली, त्या घरांत काय होते, बरोबर काय आले आणि मागे काय राहिले, याची नोंद कुठे सापडायची? आमच्या या दोन तालुक्यांत भाटघर आहे, पानशेत आहे, वरसगाव आहे, नीरा-देवघर आहे, गुंजवणी आहे. प्रत्येक जलाशयाखाली गावे नाहीतर शेते आहेत. राजघराण्यांच्या सनदा असतात, दप्तरे असतात. १९४८ साली संस्थान विलीन झाले तरी त्याचे कागद उरले. कुणब्याच्या घरी सनद नसते. त्याची सनद म्हणजे हे जाते, हे इरलं, हे मापटे. घर नवे बांधले की ते भंगारात जाते, आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही जाते.

इथेच एक गोष्ट निक्षून सांगतो. त्या तळीचा नुसता फोटो पाहून परक्या माणसाला काय कळले असते? एक गोल दगड. तो दगड साक्ष देऊ लागला तो मित्राने तोंड उघडले तेव्हा. म्हणून आम्ही प्रत्येक फोटोची कागदावर प्रत काढतो आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने पाच गोष्टी लिहितो: वस्तूचे घरात बोलतात ते नाव, गाव, घरातल्या कुणी माहिती सांगितली, फोटोची तारीख, आणि ती वस्तू शेवटची कधी वापरली. फोनमध्ये तारीख आपोआप पडते हे खरे. पण फोन बदलतो, बिघडतो, हरवतो. कागद ट्रंकेत राहतो. घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय त्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हेही ओघानेच आले.

वाचकहो, यासाठी पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. लागतात ते चार मित्र आणि आठवड्याचा एक नेम. नेम नसला तर ‘काढू कधीतरी’ म्हणता म्हणता वस्तू मोडीत जाते. मित्र नसले तर ‘जोडी कुठे आहे?’ हे विचारणारे कुणी राहत नाही. तुमच्या गावी आज असे मंडळ काढा. पहिला विषय हवा असेल तर मी सुचवतो: ‘घरातली सर्वांत जुनी वस्तू’. आणि ती कोणती, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. मात्र हे विचारणे पुढच्या रविवारवर टाकू नका.